लहान खोलीसाठी जुने स्पीकर : निवड कशी करावी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय दिला तो लहान खोलीत ठेवावयाच्या जुन्या स्पीकरांचा. युनियनच्या माणसाला हे हौशी लोकांचे वेड कोठून लागले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सुटी मिळविणे हे जसे कामगार चळवळीचे काम, तसे ती सुटी माणसासारखी घालविता येणे हीही तिचीच चिंता. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत घरच्या मंडळींसह बसून एखादे भजन, एखादा राग, एखादे भाषण नीट ऐकावे, ही काही श्रीमंतांचीच मिरास नाही. हे पहिले कारण.

दुसरे कारण याहून मोठे आहे, आणि ते कानाचे आहे. घाटावरची पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. मागखात्यातला गोंगाट असा असे की, शेजारच्या मागावरचा जोडीदार ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखी. अशा गोंगाटात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कानाची हानी विशिष्ट क्रमाने होते. खर्जातले आवाज शेवटपर्यंत ऐकू येतात. वरचे, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे आवाज आधी जातात. भाषेतले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, त, फ, ख यांची ओळख पटविणारी धार वरच्या पट्टीत असते. म्हणून असा माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाही.” १९४८च्या कारखाना कायद्याने गोंगाटामुळे येणारे हे बहिरेपण व्यावसायिक रोगांच्या यादीत घातले होते; पण कायद्याच्या यादीत रोग असणे वेगळे आणि घरातल्या म्हाताऱ्याचे हाल समजणे वेगळे.

घरी काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवितात. सुनेचे डोके उठते. नातवाचा अभ्यास बुडतो. शेवटी कोणीतरी आवाज कमी करतो आणि आजोबा ओसरीवर जाऊन बसतात. भांडण आवाजाच्या मोठेपणावरून होते. उणीव असते ती आवाजाच्या स्पष्टपणाची. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नाही. पुष्कळ टीव्हींत तो खाली किंवा मागे तोंड करून बसविलेला असतो. शब्दाची धार आधी भिंतीवर आपटते आणि मग उरलीसुरली आपल्याकडे येते. याला स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणून आम्ही जुन्या, फळीवर मावणाऱ्या स्पीकरांच्या जोडीकडे पाहतो.

हे स्पीकर आले कोठून? १९५०च्या सुमारापर्यंत चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने पेटी पूर्ण बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. पेटी लहान झाली, फळीवर बसू लागली. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये कापडाच्या धंद्यातून आलेल्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली घराच्या तळघरात स्पीकर बनविण्यास आरंभ केला होता. त्यांच्या व्हार्फडेल कंपनीचे डेंटन, लिंटन हे लहान स्पीकर १९६०नंतर घरोघर गेले. आपल्याकडे फिलिप्स, कॉस्मिक, आणि १९७० साली कलकत्त्यात स्थापन झालेली सोनोडाइन यांच्या पेट्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत आल्या. त्यांतल्या कित्येक आज माळ्यावर धूळ खात आहेत, काही मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर फिरत आहेत.

आता निवडीकडे वळू. आमचा पहिला नियम असा की, दुकानात जाण्याआधी आपली खोली मोजावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. ज्या आवाजाची अर्धी लाट दोन भिंतींच्या मधल्या अंतरात चपखल बसते, तो आवाज खोली आपण होऊन घुमविते. बारा फुटांची लांबी असेल तर तो सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा, दहा फुटांची रुंदी असेल तर ५६ कंपनांचा. त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२; त्याही घुमतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ आवाज साधारण याच ठिकाणी, शंभर ते सव्वाशेच्या आसपास असतो. म्हणजे लहान खोली बोलणाऱ्याच्या आवाजाचा घुमारा वाढविते आणि त्या घुमाऱ्याखाली स, श, त दबून जातात. छताची उंचीही दहा फूट असली तर ५६ चा घुमारा दोन दिशांनी येतो. ज्याचे वरचे आवाज आधीच गेले आहेत, त्याला अशा खोलीत मोठा ढोलका स्पीकर आणून देणे म्हणजे धुक्यात चालणाऱ्याच्या डोळ्यावर आणखी पडदा टाकणे.

म्हणून दहा बाय बाराच्या खोलीला पाच ते साडेसहा इंच पडद्याचा एक वूफर आणि वर एक ट्वीटर असलेली लहान पेटी पुरते. शक्यतो ती सर्व बाजूंनी बंद असावी. भोक असलेल्या पेट्या वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एका विशिष्ट खर्जाला जोर देतात आणि लहान खोलीत भिंती तो जोर आणखी वाढवितात. बंद पेटीचा खर्ज हळूहळू उतरतो आणि खोलीच्या घुमाऱ्याशी त्याचा मेळ बरा बसतो. आपल्या भागापुरते आणखी एक कारण आहे. भोक दिसले की पावसाळ्यात झुरळ, पाल, उंदराचे पिलू आत घर करते.

या प्रकारचा सर्वांत गाजलेला नमुना बी.बी.सी.चा. १९७०नंतरच्या दशकात त्यांच्या अभियंत्यांना बाहेरगावच्या ध्वनिक्षेपणाच्या मोटारीत, अगदी अडचणीच्या जागेत, आवाज पारखण्यासाठी स्पीकर हवा होता. त्यांनी सुमारे ३०.५ सेंटिमीटर उंच, १९ रुंद आणि १६ खोल अशी बंद पेटी केली. तिचे नाव एलएस ३/५ए. पाच इंची वूफरचा पडदा कागदाऐवजी प्लॅस्टिकचा, त्याची झालर रबराची. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ या कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनविली. आज जुन्या जोडीची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. पण तिच्यातला धडा फुकट आहे : लहान जागा, बंद पेटी, कमी खर्ज, स्वच्छ बोलणे. हे गुण साध्या पेटीतही शोधता येतात.

अशीच गोष्ट लोहचुंबकाची. जुन्या मालाचे व्यापारी अल्निको चुंबकाचे नाव घेऊन भाव चढवितात. अल्निकोत कोबाल्ट असतो. १९७८ साली झैरेच्या शाबा प्रांतात कोलवेझी या खाणीच्या गावी लढाई झाली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरच्या कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर फेराइटचा आश्रय केला. म्हणजे हा बदल मुख्यतः खाणीच्या बाजारभावाने घडविला. फेराइट चुंबकाचे उत्तम स्पीकर आहेत आणि अल्निकोचे भिकारही आहेत. नावाला पैसा देऊ नये, आवाजाला द्यावा.

दुसरा नियम : हात लावून पाहिल्याखेरीज घेऊ नये. पारख करण्याची रीत सांगतो.

पहिल्याने पेटी पाहावी. भुशाच्या फळीची पेटी ओल लागली की कोपऱ्यात फुगते. भंडारदरा-घाटघरच्या पावसाचे वारे ज्या गावावरून जातात, तेथे हे विसरून चालणार नाही. फुगलेली पेटी सोडून द्यावी.

मग पडद्याभोवतीची झालर पाहावी. फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. बोट लावताच चिकट पूड हाताला येते. रबराची किंवा कापडाची झालर अधिक टिकते. फोम बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवून तो सरळ, अलगद आत दाबावा. खरखर ऐकू आली तर आतले तारेचे वेटोळे चुंबकाला घासते आहे. ट्वीटरला मात्र बोट लावू नये.

मल्टीमीटर असेल तर दोन्ही पेट्यांचा रोध मोजावा. आठ ओहमच्या स्पीकरवर साडेपाच ते सात दिसले की ठीक. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्या दाखवाव्यात. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक लाल पेचाला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर लावावे. वूफरचा पडदा दोन्ही पेट्यांत एकाच बाजूला हलला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत गेला, तर आतली तार उलटी जोडलेली आहे आणि बोलणाऱ्याचा आवाज खोलीत कोठेच स्थिर होणार नाही.

सर्वांत शेवटी ट्वीटर. बाजारातली पुष्कळ गिऱ्हाइके येथे फसतात, कारण वूफर दणदणला की त्यांचे समाधान होते. आवाज अगदी बारीक करून ट्वीटरजवळ कान न्यावा. स आणि श यांची सळसळ तेथून आली पाहिजे. ती मंद असेल तर बहुधा आतला जुना कंडेन्सर वाळलेला असतो. त्याच मापाचा नवा बसविता येतो, पण दोन्ही पेट्यांत एकदम बदलावा. आमच्या आजोबांना हवा आहे तो हाच ट्वीटर. तो मेलेला असेल तर बाकीची पेटी आपल्या कामाची नाही.

पारखण्यासाठी सोबत काय न्यावे? दुकानदार नेहमी दणदणीत गाणे लावतो. आपण घरच्या माणसाने वर्तमानपत्र वाचलेले फोनवर ध्वनिमुद्रित करून न्यावे. बी.बी.सी.चे अभियंतेही माणसाच्या बोलण्यावर स्पीकर पारखीत. आपल्या सुनेचा, आपल्या मुलाचा आवाज कसा आहे हे आपल्या कानाला पक्के ठाऊक असते. स्पीकरने त्यात नाकातला सूर किंवा डब्यातला घुमार मिसळला तर लगेच उमगते. मग तंबोऱ्याची तार आणि डग्ग्याचा घुमार ऐकावा. ज्याच्या कानासाठी स्पीकर घ्यावयाचा, त्यालाच बरोबर न्यावे हे उत्तम.

ॲम्प्लिफायर मोठा लागत नाही. आवाज तीन डेसिबलने वाढविण्यास शक्ती दुप्पट लागते, हे लक्षात ठेवले म्हणजे शेकडो वॅटच्या जाहिरातींचे भय राहत नाही. सहा फुटांवर बसून ऐकणाऱ्याला दहा-वीस वॅट पुष्कळ झाले.

तिसरा नियम ठेवणीचा. आपल्याकडे स्पीकर कपाटावर, छताशी चढवून ठेवतात. वरचे आवाज सरळ रेषेत जातात; ते डोक्यावरून निघून जातात. जमिनीवर बैठक असेल तर बसलेल्या माणसाचा कान सुमारे अडीच फुटांवर असतो. ट्वीटर त्याच उंचीवर यावा. पेटी कोपऱ्यात कोंबू नये, भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी, आणि दोन पेट्यांत जितके अंतर तितक्याच अंतरावर बसावे. समोरच्या उघड्या भिंतीवर पुस्तकांची फळी किंवा टांगलेली गोधडी असली तर आवाजाची टणटण कमी होते.

एका निवृत्त गिरणी कामगाराच्या घरी आम्ही अशी जोडी बसविलेली पाहिली. एक जुनी बंद पेटी माळ्यावरची, तिची जोडीदार नातेवाइकांकडून आणलेली. कंडेन्सर तालुक्याच्या मेकॅनिकने बदलले. टीव्हीची तार छोट्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि त्यांना पाच फुटांवर बसविले. बातम्यांचा आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही त्यांना गावांची नावे कळू लागली. घरात कोणी कोणावर ओरडत नव्हते. यापुढे काही चमत्कार झाला असे आम्ही सांगत नाही. गेलेला कान स्पीकर परत देत नाही. ज्याला शब्द कळत नाहीत त्याने सरकारी रुग्णालयात कान तपासून घ्यावेत, यंत्र लागत असेल तर लाजू नये.

शेवटची गोष्ट मेकॅनिकची. त्याने दोन तास खपून पेटी जिवंत केली तर त्याच्याशी पाच-पन्नास रुपयांवरून घासाघीस करू नका. त्याची मजुरी बुडाली की पुढच्या पिढीत हे काम येणारा कोणी उरणार नाही, आणि प्रत्येक जुनी पेटी भंगारात जाईल.

सरकारने २००० साली केलेल्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कर्ण्यांच्या भिंती उभ्या करणाऱ्या आपल्या उत्सवांना ती आठवत नाही. आम्ही जन्मभर गेटसभेत कर्ण्यावरून बोललो. गेटवर तो हवाच. पण मागाच्या गोंगाटात ज्याने कान दिला, त्याला घरात तरी शब्द शांतपणे ऐकू यावा, एवढी सोय आपण करू शकतो. तिला लागते एक लहान खोली, एक धड जोडी आणि थोडी काळजी.