निवृत्तिवेतन : मेहेरबानी नव्हे, हक्क

निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला.

१ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या (सैन्यदले वगळता) आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्यांसाठी व्यवस्था बदलली. अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी गेली. वेतनातून १० टक्के कपात आणि बाजारावर अवलंबून असलेली पुंजी आली. जोखीम शासनाकडून कुटुंबाकडे सरकली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले, ते याच अस्वस्थतेपोटी.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला. २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी परतली. कपात मात्र कायम राहिली.

तिजोरीवरचा भार पुढच्या पिढीच्या करांतूनच फेडला जातो, हे खरे. परंतु ज्याने आयुष्यभर लोकसेवेचा भार वाहिला, त्याचे वार्धक्य बाजाराच्या चढउतारावर सोडणे समाजाला शोभणारे नाही. या दोन्ही ऋणांचा मेळ घालणे, हीच धोरणाची खरी कसोटी होय.