नाना शंकरशेट यांचे घराणे आणि आपल्या सभागृहातील तसबीर

(राजारामपुरी येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचे काम चिटणीसांनी मजवर सोपविले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "जन्मभर लहान मुलांना बाराखडी शिकविणारा मी मॅट्रिक मास्तर. संशोधन हा शब्द मला पेलणार नाही." त्यावर ते हसून म्हणाले, "गुरुजी, चूक तुम्ही केलीत, ती तुम्हीच निस्तरावी." त्यांचे म्हणणे यथार्थ आहे. म्हणून प्रथम ती चूकच सांगतो.

आपल्या सभागृहात नामदार जगन्नाथ शंकरशेट यांची तसबीर आहे. काही वर्षांपूर्वी ती स्मरणिकेत छापली गेली, तेव्हा तिच्याखालची ओळ माझ्याच हातची होती : "नानांचे विसाव्या वर्षीचे छायाचित्र." दरवर्षी जयंतीस तसबिरीला हार घालताना मुलांनाही मी तेच सांगत आलो. गेल्या जयंतीस माझ्या नातीने विचारले, "आजोबा, तेव्हा कॅमेरा होता का?" मी "असेल" म्हणून वेळ मारून नेली, परंतु ते "असेल" रात्री मला झोप येऊ देईना.

हिशेब तिसरीच्या मुलालाही जमेल असा आहे. मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातील नानांचा जन्म बहुतेक ठिकाणी १० फेब्रुवारी १८०३ असा दिलेला आढळतो. कोणी १८०० सालही देतात. विसावे वर्ष म्हणजे फार तर १८२३. फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जगजाहीर झाली ती १८३९ साली, आणि मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्या वेळी नानांनी पन्नाशी ओलांडली होती. तेव्हा तरुण नानांचे छायाचित्र कोठेही असणे शक्य नाही. त्यांचे वडील शंकरशेट तर १८२२ सालीच निवर्तले. त्यांचे छायाचित्र कोणी दाखविल्यास त्याला नमस्कार करावा, पण विश्वास ठेवू नये.

मग मी करवीर नगर वाचन मंदिराची पायरी चढलो. १८५० सालापासूनची ही संस्था आपल्या गावात असता मी इतकी वर्षे तिचा उपयोग केवळ कादंबऱ्यांसाठी केला, याची लाज वाटली. पु. बा. कुलकर्णी यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेले नानांचे विस्तृत चरित्र वाचले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' चाळले. ते १८६३ सालचे, म्हणजे नाना हयात असतानाचे. इंग्रजी कागदांत शोध घेऊ इच्छिणाऱ्यास एक सूचना करतो. तेथे नानांचे नाव 'जग्गोनाथ संकरसेट' अशा वळणाने लिहिलेले सापडते. आजच्या अक्षरांनी शोधाल तर नाना भेटणारच नाहीत.

या घराण्याचे वैभव अठराव्या शतकात मुंबईच्या व्यापारात उदयास आले. फोर्टातील गनबाव स्ट्रीट या नावात नानांचे पणजोबा गणबाशेट यांचे नाव अडकून राहिले आहे, असे मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. अरब आणि अफगाण व्यापारी आपले द्रव्य पेढ्यांपेक्षा नानांच्या स्वाधीन करणे पसंत करीत. वडिलांच्या पश्चात हे सारे नानांकडे आले, आणि त्यांनी ते कोठे लावले हे आपण जाणताच. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, १८५२ साली बॉम्बे असोसिएशन उभारण्यात पुढाकार घेतला, आणि १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास धावलेल्या पहिल्या आगगाडीमागे त्यांची खटपट होती. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी शंकरशेट शिष्यवृत्ती तर त्यांचे नाव घरोघरी घेऊन गेली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. मला संस्कृतात किती गुण होते, हे कृपा करून कोणी विचारू नये.

आता प्रतिमांकडे वळू. मुंबईच्या टाऊन हॉलात नानांचा संगमरवरी पुतळा आहे, तो मॅथ्यू नोबल या लंडनच्या शिल्पकाराने घडविलेला. नाना कधी विलायतेस गेले नाहीत. तेव्हा त्यांचे एखादे चित्र अगर छायाचित्र शिल्पकाराकडे पाठविले गेले असले पाहिजे, असा माझा तर्क आहे. हातात पुरावा नाही, म्हणून त्याला तर्कच म्हणतो. एकदा पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो.

मग आपल्या भिंतीवरचा हा तरुण कोण? अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही तिघांनी तसबीर उतरवून चौकट सोडविली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दोन शब्द होते : "नमुन्यावरून. तरुण." ते वाचून मी खालीच बसलो. आपले कोल्हापूर म्हणजे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचे गाव. येथे पाट्या रंगविणाऱ्याचा हातसुद्धा चेहऱ्यावर सहज चालतो. अशाच कोणा कसबी माणसाने नानांची उतारवयातील मुद्रा समोर ठेवून सुरकुत्या पुसल्या, गाल भरले, आणि पगडी मात्र जशीच्या तशी ठेवली. त्याने लबाडी केली नाही. मागे खरे लिहून ठेवले. छायाचित्र मी म्हणालो.

हे कळल्यावर कार्यकारिणीत मोठी खळबळ झाली. एक वृद्ध सभासद डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मग इतकी वर्षे आपण हार घातला तो कोणाला?" दुसऱ्यांचे मत, तसबीर उतरवून अडगळीत टाकावी. तिसऱ्यांचे, गाजावाजा न करता गप्प बसावे; समाजाची शोभा होईल. या तिसऱ्या मताला पाठिंबा पुष्कळ होता, आणि खरे सांगतो, क्षणभर मलाही ते गोड वाटले. परंतु नातीला काय सांगावे? शेवटी ठरले ते असे की, तसबीर जागची हलवायची नाही, खालची ओळ तेवढी बदलायची.

या शोधात एक उणीव मला सारखी जाणवत राहिली. नानांच्या मातोश्री भवानीबाई त्यांच्या बालपणीच वारल्या. त्यांचा चेहरा आज कोणासही ठाऊक नाही. नाना चौकातील देवालय भवानीशंकराचे, आणि आईबापांची नावेही भवानी आणि शंकर. त्या माउलीची तेवढीच खूण मनात राहते.

आपल्या घरच्या भिंतींवर तरी याहून निराळे काय आहे? माझ्याकडे एका सधवा स्त्रीचे जुने छायाचित्र आहे. ती माझी पणजी की पणजीची जाऊ, हे सांगणारे कोणी उरले नाही. ते मी गुजरीतील एका वयोवृद्ध कारागिरांना दाखविले. चेहऱ्याकडे न पाहता त्यांनी गळ्यातील साज पाहिला, भिंग लावून पानांचा घाट पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, हे काम माझ्या आजोबांच्या पिढीचे." वीस पुस्तके वाचून मला जे सापडले नसते ते त्यांनी क्षणात सांगितले. आपल्या समाजाच्या हाती असलेली ही विद्या कोणत्याही दप्तरखान्यात नाही. म्हणून विनंती आहे : आज सभेनंतर डाव्या हाताच्या टेबलावर मी वही घेऊन बसणार आहे. ज्यांनी घरची जुनी छायाचित्रे बरोबर आणली असतील त्यांनी ती दाखवावी. नाव, गाव, नाते मी लिहून घेईन. छायाचित्र आपल्यापाशीच राहील.

तसबिरीखालची नवी ओळ कालच रंगवून झाली. ती अशी आहे : "नामदार जगन्नाथ शंकरशेट. तरुणपणाचे कल्पनाचित्र. चित्रकार अज्ञात, कोल्हापूर." रंग अजून ओला आहे, मुलांनी हात लावू नये.