रुपयाचा दहावा भाग

१ एप्रिल १९५७ रोजीं हिंदुस्थानांत दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वींचा घरोघरचा हिशेब वडीलधाऱ्या श्रोत्यांस अजून स्मरत असेल. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन. रुपयाचा अर्धा, पाव, अष्टमांश, इतकेंच नव्हे तर चौसष्टावा भागहि त्या नाण्यांत नेमका देतां येई. परंतु रुपयाचे दहा सारखे वांटे करण्याचा प्रसंग आला कीं पंचाईत होई. एक आणा सात पै दिल्यास थोडें कमी पडे. आठ पै दिल्यास जास्त होई.

आजच्या संगणकाची अडचण हीच आहे; फक्त तो तिची वाच्यता करीत नाहीं.

संगणकास अंक दोनच ठाऊक, शून्य आणि एक. विजेच्या घटकाच्या दहा निरनिराळ्या अवस्था अचूक ओळखणें कठीण. दोन ओळखणें सोपें. आपल्या नेहमींच्या लेखनांत डावीकडे सरकतांना प्रत्येक स्थानाची किंमत दसपट होते, येथें ती दुप्पट होते. म्हणून १०११ या द्विमान संख्येंत आठ, दोन व एक मिळून अकरा होतात. चाराचें स्थान रिकामें. अशा लांबलचक माळा वाचून माणसाचे डोळे शिणतात. तेव्हां तज्ज्ञ लोक चार चार अंकांचा गट करून तो एकाच चिन्हानें लिहितात. चार स्थानांत सोळा प्रकार संभवतात, यास्तव नवाच्या पुढें दहापासून पंधरापर्यंत ए ते एफ हीं इंग्रजी अक्षरें योजिलीं आहेत. ‘एफएफ’ म्हणजे किती, हें कळण्यास जुना हिशेब पुरेसा आहे: पंधरा रुपये पंधरा आणे, त्यांचे आणे २५५. ही षोडशमान पद्धति केवळ लेखनाची सोय होय. यंत्राच्या पोटांत सारें द्विमानच.

पूर्णांकांविषयीं तक्रार नाहीं. खोड अपूर्णांकांची आहे. एकतृतीयांश दशमानांत लिहूं गेल्यास ०.३३३ असें तिनांचें शेपूट संपतच नाहीं. द्विमानांत तीच गत एकदशांशाची: ०.०००११००११, आणि पुढें ‘००११’ हेंच पालुपद. यंत्राजवळ जागा मर्यादित, म्हणून शेपूट कोठें तरी तोडावें लागतें. पैशांचा हिशेब काळजीपूर्वक करावयाचा असल्यास रुपयाचे अपूर्णांक टाळून सारे पैसेच पूर्णांकांत मोजावे, अशी वहिवाट त्यामुळेंच पडली आहे. तोडलेला तुकडा कस्पटाएवढाहि नसतो. पण तो सांचत जातो.

१९९१ च्या आखाती युद्धांत सौदी अरबस्तानांतील दहरान येथें अमेरिकेची ‘पेट्रियट’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभी होती. तिचें घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत असे. ही मोजणी पूर्णांकांत, म्हणून निर्दोष. परंतु तिच्यावरून सेकंद काढण्यासाठीं एकदशांशानें गुणावें लागे, आणि तो एकदशांश २४ द्विमान स्थानांत तोडून ठेविलेला होता. दर दशांशामागें चूक पडे ती सेकंदाच्या सुमारें एक कोट्यांशाची. यंत्रणा शंभर तास अखंड चालली. ३६ लक्ष दशांश झाले. चूक झाली सुमारें ०.३४ सेकंदाची. इराकचें स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या अवधींत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडतें. २५ फेब्रुवारीस स्कड आलें, तेव्हां यंत्रणा आकाशांत भलत्याच ठिकाणीं त्याचा शोध घेत होती. तेथें कांहीं न आढळल्यानें प्रतिकाराचें अस्त्र सुटलेंच नाहीं. स्कड सैनिकांच्या निवासावर कोसळलें व २८ अमेरिकन सैनिक प्राणास मुकले.

दोष अगदींच अज्ञात होता असें नाहीं. आठ तासांच्या अखंड वापरानंतर शोधाची जागा बरीच सरकते, ही माहिती ११ फेब्रुवारीसच इस्रायलकडून अमेरिकन सैन्याकडे आली होती. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें कीं घड्याळ शून्यावर येई. उपाय इतका साधा होता. फार वेळ यंत्र चालू ठेविल्यास शोधाची जागा सरकेल, अशी सूचनाहि २१ तारखेस गेली. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, एवढें मात्र तींत लिहिलेलें नव्हतें. दुरुस्त केलेली आज्ञावली दहरानला पोहोंचली ती २६ फेब्रुवारीस.