व्यक्तिचित्रणातील परंपरा

यथार्थवादी व्यक्तिचित्रण ही परकीयांची देणगी. तिच्यात आपली परंपरा ती कसली, असा आक्षेप घेतला जातो. १८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि तंत्र बाहेरून आले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ते येथे रुजले कसे, हा.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांची दीपधारिणी सर्वपरिचित आहे. (अनेक जण ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात, रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले, चित्र १९४५-४६ चे!) चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता हाती दिवा घेऊन उभी राहिली. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून उजेड तांबूस होऊन पाझरतो. माध्यम जलरंगाचे. तैलरंगात चुकलेला फटकारा झाकता येतो. जलरंगात शुभ्रता कागदाचीच, ती एकदा गेली की परत आणणे कठीण. म्हणून कुंचला टेकण्यापूर्वीच उजेडाचा निर्णय व्हावा लागतो. परंपरा त्या दिव्यात वा साडीत शोधणे वरवरचे होय. समोरच्या माणसाकडे तासन्‌तास पाहण्याची ती शिस्त आहे, आणि ती गुरूच्या शेजारी बसूनच अंगी बाणते.

आज सभागृहांतील अनेक तसबिरी छायाचित्रांवरून होतात. फ्लॅशने कपाळ सपाट होते, हनुवटीखालची छाया पुसली जाते आणि चित्रकार ते सारे इमानाने उतरवतो. दोष केवळ त्याचा नव्हे. थोरांचे चित्र काढून घेण्याची आठवण संस्थांना त्यांच्या निधनानंतर होते. मग त्याने समोर बसवावे तरी कोणाला?