ग्रंथालयाचा तास कोणाचा?



वेरूळ येथील ५ व्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात प्रवासी सहसा थांबत नाहीत. कैलास पाहण्याची त्यांना घाई असते. या लांबट दालनाच्या जमिनीतच दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक कोरलेले आहेत. भिक्षू तेथे भोजनास बसत की पठणास, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाकाची उंची मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच आहे. या लेण्यास पुढे लोकांत 'महारवाडा' हे नाव पडले.

ज्यांना गावाने अशा वाड्यांत वेगळे ठेवले, त्यांच्या मुलांना शाळेनेही वेगळेच बसविले. भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथभांडार त्यांना खुले झाले. याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण करून सर्वांसाठी विनामूल्य वाचनालये उभारली. खेड्यांतून पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांनी वेरूळपासून सुमारे ३० किलोमीटरवर, औरंगाबादेस, महाविद्यालय काढले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले आहे. परंतु कपाट उघडे ठेवल्याने ते सर्वांना खुले होतेच असे नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत ते मूल पुढे होऊन मागते. ज्याच्या घरी छापील कागद येतो तो केवळ किराण्याच्या पुडीचा, ते मागे उभे राहते, आणि 'याला वाचनाची आवड नाही' असा शेरा त्याच्या वाट्यास येतो. हा शेरा अन्यायाचा आहे. पुस्तक हे हुशारीचे बक्षीस नव्हे. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' हे रंगनाथन यांचे १९३१ मधील सूत्र शिक्षकाने या ठिकाणी आठवावे.

यासाठी प्रथम देवघेवीची नोंदवही उघडावी व कोणती नावे तीत येतच नाहीत ते पाहावे. ग्रंथालयाच्या तासाला आरंभ त्या मुलांपासून करावा. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव कोठे असते, अनुक्रमणिकेवरून पान कसे काढावे, पुस्तक मागावयाचे कसे, हे त्यांना हाताशी धरून शिकवावे. हे सारे मुलास आपोआप येते, हा मोठाच गैरसमज आहे. तांड्यावरच्या मुलाने पुस्तकातील चित्र पाहून गोष्ट प्रथम गोरमाटीत सांगितली तरी ती ऐकावी. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीस त्या भावंडासह बसू द्यावे.

पुस्तक फाटेल, या भीतीने कपाटास कुलूप राहते. वाचून फाटलेले पुस्तक निर्लेखित करता येते. कुलपातील पुस्तकाला वाळवी लागते, तिचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबातील मुलाबरोबर दोन पुस्तके द्यावीत आणि नोंदवहीत परतीच्या तारखेच्या रकान्यात 'हंगाम संपल्यावर' एवढेच लिहावे.