टोचण्याचे पेन आणि त्याची स्मरणशक्ती
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह आणि विद्यार्थी-फंड या विषयांवर भाषणे होतात. यंदा चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. त्या सवलतीचा फायदा घेऊन मी एका पेनाविषयी बोलणार आहे. हे पेन लिहिण्याचे नव्हे. इन्सुलिन टोचून घेण्याचे आहे. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करलेला आणि खडूच्या भुकटीत हयात घालविलेला मी मनुष्य. परंतु गेली नऊ वर्षे मी स्वतः इन्सुलिन घेत आहे, आणि तेवढ्यापुरता बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत असा अंदाज निघाला. त्यांतून आपली ज्ञाती तेवढी सुटली असेल असे मानण्यास, आपल्या पंगतींतील जिलबीचा खप पाहता, काहीच आधार नाही. या सर्वांना इन्सुलिन लागते असे नव्हे. परंतु ज्यांना लागते, त्यांत लहान मुलेही आहेत.

टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी हे औषध शोधून काढले व जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस काढण्यापलीकडे वैद्यांपाशी इलाज नव्हता. पुढे अनेक वर्षे बाटली आणि सिरिंज यांवरच काम चालले. १९८५ साली डेन्मार्कमधील एका कंपनीने पहिले इन्सुलिन-पेन बाजारात आणले. मात्रेचा आकडा फिरवून लावावा, सुई टोचावी आणि बटण दाबावे, इतके ते सोपे.

परंतु सोपेपणातच एक खोच आहे. ती मी स्वानुभवाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी जेवणापूर्वीची मात्रा घेतली. तेवढ्यात दारी पाहुणे आले. त्यांना निरोप देऊन मी पानावर बसलो आणि मात्रा घेतली की नाही हे काही केल्या आठवेना. नसेल घेतली, असे ठरवून पुन्हा घेतली. तासाभराने हातांना कंप सुटला, अंगाला दरदरून घाम आला, आणि घरातल्यांशी मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. सौभाग्यवतींनी ओळखले आणि साखरेचे पाणी पाजले, म्हणून मी आज आपणांपुढे उभा आहे. साध्या पेनाला विचारावे तर ते काय सांगणार? ते मुके.

अलीकडच्या पेनांना हीच वाचा फुटली आहे. आकडा फिरविताना जी टकटक होते, त्यांतील प्रत्येक टक म्हणजे पुष्कळ पेनांत एक युनिट. पेनातील दट्ट्या किती सरकला किंवा चक्र किती फिरले, हे आत बसविलेला संवेदक, म्हणजे सेन्सर, मोजतो आणि शेजारचे चिमुकले घड्याळ त्यापुढे वेळ मांडते. काही पेनांत अशा ८०० नोंदी राहतात. पेन मोबाइलला टेकविले की त्या मोबाइलमध्ये उतरतात. अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळालेले एक पेन आधीच्या मात्रेचा किती अंश अद्याप अंगात काम करीत आहे, याचा हिशेबही मोबाइलवर दाखवू लागले. त्या संध्याकाळी मला नेमका हाच आकडा हवा होता! साध्या पेनावर बसविण्याच्या नोंद ठेवणाऱ्या टोप्याही निघाल्या आहेत.

आता या हुशार पेनाची मर्यादा. आम्ही शिक्षक हजेरीपट भरीत असू. मुलगा बाकावर आहे एवढे हजेरीपट सांगे. त्याचे चित्त वर्गात आहे की आंब्याच्या झाडावर, हे सांगत नसे. पेनाचेही तसेच. औषध पेनातून बाहेर पडले हे त्याला कळते. ते शरीरात गेले की सदऱ्याच्या अस्तरात, हे कळत नाही. बटण दाबल्यावर दहापर्यंत आकडे मोजून मगच सुई काढावी, आणि रोज एकाच जागी टोचून तेथे गाठ होऊ देऊ नये, ही शिस्त माणसालाच पाळावी लागते.

आणखी एक गोष्ट माताभगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनातील १०० युनिटचे. पेन बिघडले म्हणून कोणी त्यातील औषध ४०च्या सिरिंजने ओढले आणि १०च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. ही चूक जिवावर बेतू शकते आणि तेथे कोणताही सेन्सर सावध करावयास येत नाही.

आता जे बोलण्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो ते बोलतो. पेनाची नोंद मुलीच्या मोबाइलवरून आईच्या मोबाइलवर जाऊ शकते, डॉक्टरांकडे जाऊ शकते. हे उपकारक आहे. मात्र सोळा वर्षांच्या मुलीला ती नोंद पोलिसी पहाऱ्यासारखी वाटू नये, इतका समजूतदारपणा आईबापांनी दाखविला पाहिजे. परंतु आपल्या कित्येक घरांत अडचण निराळीच आहे. तेथे नोंदच नको असते. मुलीचा मधुमेह स्थळे पाहताना बाधेल म्हणून पेन कपाटात कुलपाआड असते, लग्नकार्यात ती मात्रा चुकविते किंवा न्हाणीघरात लपून घेते. आपल्या वधुवर-सूचक नोंदवहीत उंची, वर्ण आणि पत्रिका यांना रकाने आहेत, आणि मी स्वतः सहा वर्षे ती नोंदवही सांभाळली. एका बापाने मुलीचा आजार मला खाजगीत सांगितला, आणि मी त्याला ‘तूर्त बोलू नका’ असा सल्ला दिला. लग्नानंतर त्या मुलीने सासरी दोन दिवस इन्सुलिन घेतले नाही आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. ती वाचली. तो सल्ला माझा होता.

म्हणून कार्यकारी मंडळाकडे माझी विनंती आहे की, विद्यार्थी-फंडातून इन्सुलिनवरील मुलांसाठी काही रक्कम राखून ठेवावी. हुशार पेन महाग आहे, परंतु निदान साधे पेन आणि सुया तरी मिळाव्यात. अर्ज घेताना नावे गुप्त ठेवावीत की नाही, यावर सभेने चर्चा करावी. माझे मत मी वर सांगितलेच आहे.

माझे पेन मी बाजूच्या मेजावर ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चष्मा घेऊन यावे, आकडे बारीक आहेत. पाने मांडली जात आहेत असे दिसते. तेव्हा जेवणापूर्वीची माझी मात्रा मी आता येथेच, आपणां सर्वांसमक्ष घेतो.