एकच जिवाणू, निरनिराळे उंदीर



 सिंहस्थात लाखो यात्रेकरू जिथे उतरतात, त्या नाशिकच्या गोदाकाठी या परिषदेत साथीच्या रोगांवर चर्चा होतेय, याचा मला आनंद आहे.

जिवाणूंच्या अंगावरच्या शर्करा आणि त्यांनी चेतवलेल्या रोगप्रतिकारक पेशी, हा आपला विषय. अशाच एका जिवाणूचा, प्लेगचा, तडाखा या जिल्ह्याने सोसलेला आहे. जवळच्या भगूरला १८९९ साली प्लेगने सावरकरांचे वडील दामोदरपंत गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी, जानेवारी १८९७ मध्ये, मुंबईत जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे त्यांच्याच नावाच्या संस्थेत सोखी आणि चित्रे यांनी रानटी उंदरांवर काम केलं आणि १९३७ साली ते प्रसिद्ध झालं. प्लेगने वर्षानुवर्षं पोखरलेल्या मुंबईचे उंदीर रोगाला दाद देत नव्हते. जिथे प्लेग फिरकला नव्हता त्या मद्रासचे उंदीर पटापट मरत होते. जिवाणू एकच. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, आणि तो आज क्वचितच आठवला जातो, याचं वाईट वाटतं.

आता या जिवाणूच्या अंगावरच्या शर्करांकडे वळू. प्लेगच्या जिवाणूच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं. त्याच्या बुडाशी दोन शर्करा आणि त्यांना जोडलेल्या मेदाम्लांच्या शेपट्या. पिसवेच्या शरीरासारख्या थंड तापमानात सहा शेपट्यांचे रेणू तयार होतात. ३७ अंशांवर मात्र बहुतेक चारच शेपट्यांचे. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा पहारेकरी सहा शेपट्या चटकन ओळखतो, चारांकडे जवळजवळ लक्षच देत नाही. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचा पहारेकरी मात्र चार शेपट्यांच्या काही रेणूंनीही जागा होतो. म्हणजे उंदरात दिसलेली चेतना माणसात दिसेलच, असं धरून चालणं धोक्याचं.

आणि उंदरा-उंदरांतही फरक आहेच. सी-३-एच/एच-ई-जे या वाणाचे उंदीर लिपोपॉलिसॅकराइडचा मोठा डोस पचवतात, पण साल्मोनेलाच्या थोड्याशा जिवाणूंनी दगावतात. त्यांच्या टीएलआर-४ जनुकातला एकच बदल १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने शोधला. पुढे २०११ मध्ये बॉयट्लर यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून माझी एक आग्रहाची विनंती आहे. निबंध वाचताना नुसतं ‘उंदरात’ म्हणू नका. वाण सांगा, वय सांगा, तो कुठे वाढला ते सांगा. आणि आपल्या घरातल्या उंदरांकडे, शेतातल्या घुशींकडेही वळा. त्यांच्या पेशी आपल्या मातीतल्या जिवाणूंशी पिढ्यानपिढ्या झुंजत आल्या आहेत; प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात नव्हे, धान्याच्या कोठारात. तरुण संशोधकांनी असं काम हाती घेतलं, तर नाशिककर म्हणून आम्ही शक्य ती मदत करू.

राहण्या-जेवणाची काहीही अडचण आली, तर स्वागत समितीच्या कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगा. परिषदाध्यक्षांनी आता आपले विचार मांडावेत, ही विनंती.